केपचा एक दिवस आणि वर्गाचा फोटो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'परदेश प्रवासातील अनुभव' असं छापलंय आणि दहा मिनिटं दिलीत. मी अंकोरवाटवर बोलणार असं संयोजकांनी गृहीत धरलेलं दिसतंय. तर अंकोरवाट बाराव्या शतकातलं, राजा दुसरा सूर्यवर्मन यानं बांधलेलं, मुळात विष्णूचं देऊळ. झालं सांगून. फोटो मोबाइलवर आहेत, जेवताना दाखवतो. मला आज सांगायचंय ते एका पडक्या किनाऱ्याबद्दल. तिथं आम्हाला जायचंही नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा बाकमित्र. पाचवी ते दहावी, खिडकीकडचा तिसरा बाक. त्याचं नाव घेत नाही, कारण तो समोरच बसलाय आणि आत्ताच डोळे वटारतोय. दहावीनंतर तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, मी इंजिनिअर होऊन बांधकाम खात्यात गेलो. रिटायर होऊन गावी आलो तेव्हा घराच्या दुरुस्तीसाठी पाइप घ्यायला त्याच्याच दुकानात गेलो. त्यानं पाइप दिला, पाच टक्के कमी केले, चहा मागवला. तिथून पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. भूगोलाच्या बाईंना आठवत असेल, आशियाचा नकाशा वर्गात सगळ्यात सुरेख कोण काढायचं. त्याच माणसाकडे एकसष्टाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट नव्हता. त्याला अंकोरवाट बघायचं होतं. त्याच्या मिसेसचे गुडघे दुखतात आणि माझ्या मिसेसना विमान नको वाटतं. दोघी म्हणाल्या, तुम्हीच जा बाबांनो. यंदाच्या जानेवारीत निघालो.

अंकोर झालं, नॉमपेन्ह झालं. तिथून खाली समुद्राकडे यायचं, सीमा ओलांडून व्हिएतनाममध्ये हा-तिएनला जायचं आणि पुढे सायगावहून परतीचं विमान, असा बेत. सीमेवर जायच्या आदल्या संध्याकाळी याने माझा व्हिएतनामचा ई-व्हिसा चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, "अरे, हा परवापासून आहे." अर्ज मी भरला होता. चौतीस वर्षं टेंडरच्या तारखा तपासलेल्या माणसानं! एक दिवस आधी गेलो असतो तर सीमेवरून परत पाठवलं असतं. असा आमच्या वाट्याला केपचा एक दिवस आला.

केप हे कंबोडियाच्या दक्षिण टोकाचं किनाऱ्यावरचं गाव, कांपोतपासून पंचवीसएक किलोमीटर. १९०८ साली फ्रेंचांनी ते हवा खायचं ठिकाण म्हणून वसवलं. १९५३ साली देश स्वतंत्र झाला आणि राजा सिहानूकच्या काळात नॉमपेन्हच्या श्रीमंतांनी इथं बंगले बांधले. साधेसुधे नव्हेत. चंडीगढवाल्या ल कॉर्बुझिएचा प्रभाव असलेले, लांबच लांब छज्जे, खांबांवर उचललेले मजले, भिंतीतून वारा खेळावा म्हणून ठेवलेली काँक्रीटची जाळी. वान मोलिवान नावाचा पॅरिसला शिकून आलेला वास्तुरचनाकार त्या काळी त्यांच्याकडे होता. त्या पिढीनं काँक्रीटला हवामानाशी बोलायला शिकवलं, असं मी म्हणेन. आम्ही त्याच सुमाराला आपल्याकडे काय बांधत होतो ते मी सांगत नाही, माझं पेन्शन चालू आहे.

१९७० साली सिहानूकला पदच्युत केलं, यादवी पेटली, १९७५ साली ख्मेर रूज आले आणि केप संपलं. आता डोंगराच्या उतारावर त्या बंगल्यांचे सांगाडे उभे आहेत. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, लाद्या उपटलेल्या, भिंतींवर गोळ्यांची भोकं. स्लॅबमधून वडाची मुळं खाली आलेली. स्लॅबच्या पोटाचे पोपडे पडून सळया उघड्या. काँक्रीट ताजं असतं तेव्हा सळीला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला, वर समुद्राचं मीठ, की ते संरक्षण जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आपल्या गावातल्या बंदरावरच्या जुन्या गोदामाचं हेच झालंय. मी तिथं खाली उभा राहून वर बघत हे सगळं याला समजावत होतो. हा म्हणाला, "तू आधी त्या स्लॅबखालून बाहेर ये."

आमचं हॉटेल मात्र त्या काळातलं नव्हतं. ते नंतर बांधलेलं आणि तरीही पडायला आलेलं, हे त्याचं वैशिष्ट्य. फोटोत निळा तलाव होता. प्रत्यक्षात तलाव हिरवा, आणि बेडूक आमच्याकडे असे बघत होते की जणू आम्हीच बिल न भरता घुसलोय. तलावाकाठी आठ आरामखुर्च्या, त्यातल्या दोनांना चारी पाय. खोलीतल्या एसीच्या रिमोटला रबरबँड. समुद्र दिसायचा, पण संडासाच्या झरोक्यातून, आणि तोही कमोडवर उभं राहिलं तर. हे मी तपासून सांगतोय. कोविडनंतर माणसं फिरकली नाहीत, मालक नॉमपेन्हला असतो, असं राखणदाराकडून कळलं. आमच्याखेरीज पाहुणा कोणी नव्हता.

आपल्यासारख्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना समुद्राचं काय कौतुक. केपची पुळण बघून तर हसू आलं. जेमतेम पट्टा, आणि त्यावरची पांढरी वाळू बाहेरून आणून टाकलेली. पण खेकड्यांचा बाजार बघण्यासारखा! बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेताचे पिंजरे ओढून आणतात, निळसर नांग्यांचे खेकडे तिथल्या तिथं निवडायचे, वजन करायचं, आणि शेजारच्या टपरीवर ओल्या मिरीत परतून घ्यायचे. कांपोतची मिरी नावाजलेली. २०१० साली तिला त्यांच्या सरकारनं भौगोलिक मानांकन दिलं. ख्मेर रूजच्या काळात भातशेतीपायी मिरीचे मळे मोडले, ते पुन्हा उभे राहायला दशकं लागली. हिरव्यागार मिरीचे घोस तसेच्या तसे ताटात येतात. आपल्याकडे पोफळीवर मिरवेल असते, ओल्या मिरीचं लोणचंही घालतो, पण कुर्लीच्या कालवणात घोस टाकायचं कुणाला सुचलेलं नाही. या वर्गातल्या सुगरणींनी प्रयोग करून बघावा. आम्हाला बोलवावं.

दुपारी हॉटेलवर आलो तर खोलीतली फ्लशची टाकी रात्रीपासून वाहतच होती. मी तक्रार करायला निघालो. याने चेक-इनच्या बॅगेतून पाना, पेचकस आणि टेफ्लॉन टेप काढली. हो! अंकोरवाट बघायला निघालेल्या माणसाच्या बॅगेत टेफ्लॉन टेप. मग राखणदार आला. आमच्याच वयाचा, बारीक, डोक्याला चौकड्यांचं पंचासारखं कापड गुंडाळलेलं. इंग्रजी कामापुरतं. तिकडे आपल्यापेक्षा मोठ्याला 'बोंग' म्हणतात, म्हणजे दादा. कोण मोठं ते ठरत नव्हतं म्हणून दोघंही एकमेकांना बोंग म्हणत टाकीत हात घालून बसले. वॉशर गेला होता. राखणदारानं जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, याने तो गोल कापला. पाणी थांबलं. मग दोघं न बोलता दाराच्या बिजागरीकडे वळले, तिथून गॅलरीच्या नळाकडे. मी सुपरवायझर. सवयीचं काम.

संध्याकाळी तिघं तलावाच्या काठावर बसलो. तीन शाबूत खुर्च्या जमल्या नाहीत म्हणून पायरीवर. नारळ फोडला. वय निघालं. तिघंही १९६३ चे. मी सहज विचारलं, शाळा कुठली? तो म्हणाला, कांपोतची. आणि मग म्हणाला, "सहा वर्षं. मग पॉल पॉट."

मंडळी, तारखा बघा. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज नॉमपेन्हमध्ये शिरले आणि शहरंच्या शहरं रिकामी करून माणसांना शेतावर हाकललं. आपण तेव्हा सहावीची वार्षिक परीक्षा देत होतो. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजांनी त्यांना नॉमपेन्हमधून हुसकावलं. आपण तेव्हा दहावीच्या पूर्वपरीक्षेची तयारी करत होतो, आणि गणिताचा पेपर अवघड काढला म्हणून सरांवर, म्हणजे व्यासपीठावर उजवीकडून दुसरे बसलेत त्या सरांवर, चिडलो होतो. मधली पावणेचार वर्षं त्या देशात शाळा अशी राहिलीच नाही. पंधरा ते वीस लाख माणसं मेली. शिकलेला दिसला की संशय, आणि शिक्षक तर हमखास.

नॉमपेन्हला आम्ही तुओल स्लेंग बघितलं होतं. ती एक माध्यमिक शाळा होती. तिचा तुरुंग केला. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या, मैदानावरच्या व्यायामाच्या दांड्याला माणसं टांगली. हजारो आत गेले, जिवंत सापडले ते बोटांवर मोजण्याइतके. इमारत बघताना मला राहून राहून वाटत होतं की हा व्हरांडा मी कुठंतरी बघितलाय. बाहेर आल्यावर हा म्हणाला, "अरे, आपल्या शाळेसारखी आहे." तीन मजले, समोर लांब व्हरांडा, मध्ये मैदान. त्यानंतर त्या दिवशी आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

राखणदारानं त्याची हकिगत लांबवली नाही. बांध घालायच्या कामावर होता. एक भाऊ आणि वडील गेले, आई राहिली. ७९ नंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा शिक्षकच नव्हते. ज्याला जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवायचं, अशी घोषणाच होती म्हणे. तो सोळाव्या वर्षी खालच्या वर्गात लहान पोरांमध्ये बसला, वर्षभर. मग पोटापाण्याला लागला. मी 'ओह' की काहीतरी म्हणालो. अशा वेळी इंग्रजी अगदीच कामाचं नसतं, आणि मराठीही नसतंच म्हणा.

विषय बदलावा म्हणून याने मोबाइल काढला आणि आपला फोटो दाखवला. निरोपसमारंभाचा, १९७९ चा. पुढे सतरंजीवर मुली, खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे दोन रांगांत मुलं. राखणदारानं मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलावर बोट ठेवून विचारलं, "जिवंत आहे?"

मी दचकलो. हा शांतपणे म्हणाला, "हो. पुण्याला." बोट पुढच्यावर गेलं. जिवंत? हो, इथंच, एसटीतून रिटायर झाला. पुढचा? नाही, अपघात, ९४ साली. राखणदारानं मान हलवली, पुढे सरकला. त्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं. वर्गाचा फोटो बघायची त्याची पद्धतच ती होती. त्याच्या वर्गाचा असा फोटो नाही, पण असता तर असाच बघितला असता.

मग एक चेहरा आला आणि आम्ही दोघं गप्प. मी म्हणालो, माहीत नाही. पुढे दोघांनंतर पुन्हा, माहीत नाही. मुलींच्या रांगेत तर सलग तीन. लग्न होऊन गेल्या, आडनावं बदलली, कुणाला पत्ता विचारायचा? हाच प्रश्न आम्ही पंचेचाळीस वर्षं स्वतःला विचारला आणि कुणालाच विचारला नाही. सगळे संपल्यावर राखणदार हिशोब करून म्हणाला, त्रेचाळीस. सत्तावीस आहेत, चार गेले, बाराचं माहीत नाही.

मग त्याने खरंच न कळून विचारलं, "तुमच्याकडे युद्ध होतं?"

नाही म्हटलं.

"मग बारा माहीत नाहीत ते कसे?"

त्याच्या वर्गातल्या कोणाचं काय झालं, हे त्याला बहुतेकांचं ठाऊक होतं. १९७९ नंतर परत आलेल्या प्रत्येकानं पहिलं काम ते केलं होतं: विचारत फिरणं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. दर वर्षी बदल्या, मुलांची शिक्षणं, वगैरे. ते सगळं पायरीवर बसल्याबसल्या मनात तयार झालं आणि मनातच राहिलं.

तो स्वयंपाकाला गेला. समोर समुद्रात अंधार पडत होता, लांब फू-क्वोक बेटाची कड दिसत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बारा म्हणजे जास्तच झाले, नाही?" हा म्हणाला, "तेरा. माझं नाव तू कुठल्या यादीत धरलं असतंस, सांग. पाइप घ्यायला आलास त्याच्या आधी."

मग त्याने आवाज न चढवता सांगितलं. दहावीला त्याला गणितात माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. निकालाच्या आधी वडील गेले. मी डिप्लोमाला गेलो तेव्हा त्याने त्याची कंपासपेटी मला दिली होती, चांगली, जर्मन बनावटीची, मामानं आणलेली. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तो स्टँडवरून बाजारपेठेतून न येता मागच्या गल्लीतून आलो. पुढची तीन वर्षं प्रत्येक सुट्टीत. "दुकानाच्या मागच्या खिडकीतून दिसायचास तू मला," तो म्हणाला. "बॅग खांद्यावर टाकून, मान खाली. पहिल्यांदा हाक मारणार होतो."

का गेलो मागच्या गल्लीतून? मला भेटायची लाज वाटायची. त्याला शिकायचं होतं आणि मी शिकत होतो, एवढंच. त्याच्यासमोर उभं राहून इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या गमती सांगायच्या की सांगायच्या नाहीत, हे मला सोळाव्या वर्षी ठरवता आलं नाही. म्हणून मी गल्ली बदलली. पुढे तीन वर्षांची सवय झाली, सवयीची चाळीस वर्षं झाली. मी त्याला हे तिथं सांगितलं. तो म्हणाला, "कळलं होतं रे मला. पण पेटी तरी परत द्यायचीस." तोवर जेवण आलं. त्या रात्री फ्लशचा आवाज नव्हता, तरी मला झोप लागली नाही.

सकाळी निघताना राखणदाराला पैसे देऊ केले. दुरुस्तीचे त्याने तुम्हाला द्यायला हवेत, असं म्हणून त्याने घेतले नाहीत. उलट मिरीची एक पुडी दिली. याने त्याला पेचकस देऊन टाकला. पाना दिला नाही, तो चांगल्या कंपनीचा होता. व्हॅन आली. हा-तिएनच्या सीमेवर आमच्या व्हिसाची तारीख बरोबर होती.

व्हिएतनामबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, पण माझं त्याकडे लक्ष नव्हतं. याने सायगावच्या बाजारात एक वही घेतली आणि परतीच्या विमानात फोटोतल्या रांगांप्रमाणे त्रेचाळीस नावं लिहून काढली. फेब्रुवारीपासून आम्ही दोघं फिरलो. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जुने पत्ते काढले. त्यासाठी मुख्याध्यापकांनी दोन दिवस कपाट उघडं ठेवलं, त्यांचे आभार. माहेरच्या वाड्यांवर जाऊन सासरची गावं विचारली. एका ठिकाणी कुत्रा मागे लागला, एका ठिकाणी तुम्ही कोण, एलआयसीचे का, असं विचारलं. बारापैकी दहा सापडले. त्यातले आठ आज या हॉलमध्ये आहेत. एक जण बडोद्याला आजारी आहे, त्याच्याशी काल फोनवर बोललो. एक जण २०११ साली गेली; तिची मुलगी आज आईच्या जागी आली आहे, तिसऱ्या टेबलाशी बसली आहे, तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगा. फक्त खऱ्या सांगा. पाटीवर शाई सांडल्याची सांगितलीत तरी चालेल, ती सरांना एव्हाना माहीत आहे.

कंपासपेटी माळ्यावर सापडली. कर्कटक हरवलंय, बाकी सगळं आहे. ती मी जूनमध्ये दुकानात नेऊन दिली, बाजारपेठेतून चालत.

दोघं राहिलेत. वरच्या रांगेत डावीकडून चौथा, ज्याचे वडील पोस्टात होते आणि नववीत बदली होऊन आला होता. आणि मुलींमध्ये उजव्या टोकाची, दोन वेण्यांची, जिचा चेहरा हलल्यामुळे फोटोत पुसट आलाय. फोटो मोठा करून दाराशी लावलाय. कुणाला काही आठवत असेल, गाव, आडनाव, भावाचं नाव, काहीही, तर जेवायला जायच्या आधी सांगा. वही त्याच्याकडे आहे. निळा शर्ट, दुसरी रांग, अजूनही डोळे वटारतोय तो.